जर्सी सिटी : झोनचं पब्लिक हायस्कूल, रेटिंग ३. मुलीला घालावं का?

जुईची_आई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या बाजूला भाड्याने राहतो. नवरा पाथ ट्रेनने मॅनहॅटनला जातो, माझं ऑफिस न्यूअर्कला, त्यामुळे जागा दोघांनाही सोयीची. मुलगी आठवीत आहे. मॅकनेअरसाठी (निवडून मुलं घेणारं पब्लिक हायस्कूल) अर्ज केलाय, टेस्टही झाली, पण तिथे जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे नाही मिळाली तर झोनचं, म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरलेलं हायस्कूल. आणि त्या शाळेला घरांच्या साइटवर दहापैकी ३. लाल ठिपका. तो लाल ठिपका बघितल्यापासून मला झोप नाही, खरंच सांगते.

मग मी राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडला आणि अजूनच गोंधळले. अल्जेब्रा वनच्या (बीजगणिताचा पहिला कोर्स) परीक्षेत अपेक्षित पातळी गाठणारी मुलं इतकी कमी की मला वाटलं टायपो आहे. इंग्लिश जरा बरं. पण ग्रॅज्युएशन रेट बघितला तर तो चांगला ऐंशीच्या वर! म्हणजे गणित येत नाही आणि डिप्लोमा मिळतो? हे कसं काय जमतं? खाली मुलांची माहिती: निम्म्याहून खूप जास्त मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली, बरीचशी इंग्लिश नव्याने शिकणारी, हिस्पॅनिक सगळ्यात जास्त, मग एशियन, ब्लॅक, व्हाइट.

नवरा म्हणतो मी झेडपीच्या शाळेत शिकलो, गळक्या छपराखाली, माझं काय अडलं. हे त्याचं ठरलेलं भाषण आहे. पण मला ते आकडे वाचायला शिकायचंय, म्हणजे त्या ३ मधलं किती शाळेचं आणि किती मुलांच्या परिस्थितीचं. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा. घर बदला हे उत्तर शक्यतो नको, त्याचा हिशोब आम्ही करून झालाय.

एडिसनकर

घर बदला. 😀

सॉरी, पण खरंच. आम्हीही चार वर्षं जर्सी सिटीत काढली, वॉटरफ्रंटला, मजा होती, पण मुलं मोठी झाली तशी गाशा गुंडाळला. इकडे एडिसनला, उपनगरात, शाळा, देऊळ, इंडियन ग्रोसरी, सगळं हाताशी. ट्रेनला तास जातो, पण डोक्याला ताप नाही. तुम्ही रिपोर्ट वाचत बसाल आणि मुलीची चार वर्षं निघून जातील. हायस्कूलची चार वर्षं परत येत नाहीत हो ताई.

गणितवाल्या_बाई

जुईची आई, मी तुमच्याच हडसन काउंटीत एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते (कुठलं ते नाही सांगत, नोकरी टिकवायचीय). तुमचा प्रश्न फार बरोबर ठिकाणी आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी ते अल्जेब्रा वन. न्यू जर्सीत ही परीक्षा इयत्तेप्रमाणे नसून कोर्सप्रमाणे असते. म्हणजे जो मुलगा आठवीत अल्जेब्रा वन घेतो तो आठवीतच ती परीक्षा देतो आणि त्याचे मार्क मिडल स्कूलच्या खात्यात जमा होतात. गणितात पुढे असलेली पोरं हायस्कूलला येतात ती थेट जॉमेट्रीत, म्हणजे पुढच्या कोर्सला. मग हायस्कूलच्या अल्जेब्रा वनच्या रकान्यात उरतं कोण? ज्यांना आठवीत तो कोर्स मिळाला नाही ती, जी मागच्या वर्षी नापास झाली ती, आणि जी गेल्या सहा महिन्यांत विमानातून उतरली ती. त्या आकड्यावरून अख्ख्या शाळेचं गणित काढणं म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्यांवरून गावाची तब्येत ठरवणं. दर वर्षी पेपरात तो आकडा छापून येतो आणि दर वर्षी माझी चिडचिड होते.

तुमच्या गावात तर त्यावर अजून एक थर आहे. मॅकनेअर, इन्फिनिटी, शिवाय काउंटीच्या हाय टेक आणि काउंटी प्रेप, या सगळ्या आठवीतून वरची वरची मुलं उचलतात. साय काढून घ्यायची आणि मग खालच्या दुधाला पातळ म्हणायचं. मॅकनेअर चांगली शाळा आहे, वादच नाही, पण ती निवडून घेते आणि झोनची शाळा दार उघडून जो येईल त्याला घेते, फेब्रुवारीत आला तरी घेते. दोघींना एकाच दहाच्या पट्टीवर मोजायचं याला काही अर्थ आहे का?

आता नवी आलेली मुलं. देशात येऊन पहिलं वर्ष असेल तर इंग्लिशच्या परीक्षेतून सूट मिळू शकते, पण गणिताची द्यावी लागते. माझ्याकडे होंडुरास, इक्वाडोर, इजिप्त, डॉमिनिकन रिपब्लिक, आपल्याकडची गुजरातची, सगळी येतात. त्यातली काही मधली दोन-तीन वर्षं शाळेतच गेलेली नसतात. पंधरा वर्षांचा मुलगा, शेवटचं पुस्तक बाराव्या वर्षी हातात धरलेलं, त्याला मी मेपर्यंत क्वाड्रॅटिकपर्यंत नेला तर ते माझ्या मते मोठं काम आहे, पण रिपोर्टमध्ये तो "पातळी गाठली नाही" यातच मोजला जातो. परीक्षेचे गुण ६५० ते ८५० असतात, ७५० ला पातळी गाठली. ६६० वरून ७४० ला आलेला पोरगा आणि ६६० लाच राहिलेला पोरगा, दोघे एकाच डब्यात.

ग्रॅज्युएशनचं कोडं: डिप्लोमासाठी त्या अल्जेब्राच्या परीक्षेत पातळी गाठायची अटच नाही. अकरावीत एनजेजीपीए नावाची वेगळी परीक्षा असते, तिची रेघ खाली आहे. ती नाही जमली तर सॅट, एसीटी, अ‍ॅक्युप्लेसर असे कॉलेजसाठीच्या परीक्षांचे दुसरे दरवाजे आहेत, तेही नाही तर पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाने केलेलं काम गोळा करून राज्याकडे पाठवायचं. आणि क्रेडिट्स पूर्ण हवीत. तुम्हाला वाटेल ही पळवाट आहे. थोडीशी आहे, नाकारत नाही. पण माझ्या काही मुलांसाठी पोर्टफोलिओ हाच एकमेव प्रामाणिक मार्ग असतो, ती परीक्षेत गोठतात. तर तो ऐंशीचा आकडा तुम्हाला मुलं शाळेत टिकली का हे सांगतो, काय शिकली ते सांगत नाही.

बाकी रात्री लिहीन, कंसाच्या गणितांचे पेपर तपासायचे राहिलेत.

दादर_टीटी

ग्रॅज्युएशन रेटवरून आठवलं, आपल्याकडे २०२१ ला दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला होता. परीक्षाच झाली नव्हती! करोनामुळे रद्द, अंतर्गत मूल्यमापनावर सगळे पास. कोणी म्हणेल का की त्या वर्षी महाराष्ट्राची पोरं एकदम हुशार झाली? निकाल म्हणजे मोजपट्टीचा निकाल, बाईंचं बरोबर आहे.

महापालिकेच्या शाळांचंही तेच. मुंबईत एका छपराखाली मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू अशी माध्यमं, त्यात बिगारी कामाला आलेल्यांची मुलं, वर्षाच्या मध्यात गावी जाणारी, आणि तुलना कुणाशी तर देणगी घेऊन प्रवेश देणाऱ्यांशी. असो, तुमचा अमेरिकेचा विषय चालू द्या.

आकडेमोड

मी डेटामध्ये काम करतो, शिक्षणक्षेत्रातला नाही, पण दोन मुलं पब्लिक शाळेत असल्याने या रिपोर्टांचं वेड लागलंय. बाईंनी गणिताचं फोडून सांगितलंच, मी मुलांच्या माहितीच्या रकान्यांबद्दल लिहितो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

"कमी उत्पन्न" हा आकडा बऱ्याच ठिकाणी जेवणाच्या योजनेवरून येतो. केंद्राचा नियम असा की घरचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण २०१० च्या कायद्याने एक नवीन सोय आली, ज्या शाळेत ठरावीक प्रमाणात मुलं आधीच सरकारी मदतीच्या यादीत आहेत तिथे फॉर्म वगैरे काही नाही, सरसकट सगळ्यांना फुकट जेवण. ते ठरावीक प्रमाण आधी ४० टक्के होतं, २०२३ मध्ये २५ वर आणलं. जेवणाच्या दृष्टीने झकास निर्णय, पण आकडे बघणाऱ्याची पंचाईत, कारण काही राज्यांत अशा शाळा कागदावर १०० टक्के गरीब दिसू शकतात आणि शेजारची शाळा ६०, प्रत्यक्षात दोन्हीत फार फरक नसतो. तेव्हा दोन शाळांच्या या आकड्याची तुलना करताना दहादा विचार करा.

दुसरं, वंशाचे रकाने. "एशियन" मध्ये आपण, फिलिपिनो, चिनी, पाकिस्तानी सगळे एकत्र. आणि जर्सी सिटीत इजिप्शियन, कॉप्टिक (तिथले ख्रिश्चन) लोक बरेच आहेत, ते केंद्राच्या व्याख्येप्रमाणे "व्हाइट" मध्ये जातात! मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना ठेवायचं केंद्राने २०२४ ला ठरवलं, तो शाळांच्या रिपोर्टपर्यंत झिरपायला वेळ लागणार. म्हणजे तुमच्या शाळेच्या "व्हाइट" रकान्यात एक मुलगा डाउनटाउनच्या कॉन्डोतला आणि दुसरा दोन वर्षांपूर्वी कैरोहून आलेला असू शकतो. त्यांच्या सरासरीला काय अर्थ लावायचा?

मग करायचं काय, तर सरासरी सोडा आणि गटवार तक्ता उघडा. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला निकाल गटवार फोडून दाखवावे लागतात: कमी उत्पन्न, इंग्लिश शिकणारी, स्पेशल एज्युकेशन, वंशवार. तिथे आपल्या मुलीसारखी मुलं त्या शाळेत कशी करतायत ते बघा, आणि तोच गट एडिसनला कसा करतोय तेही बघा. फरक असतो, पण तो ३ आणि ९ मधल्या फरकाइतका मोठा क्वचितच असतो. कारण ३ आणि ९ यातला बराच भाग कुठली मुलं शाळेत आली याचा आहे. हे काही मी शोधून काढलेलं नाही, १९६६ च्या कोलमन रिपोर्टपासून लोक हेच सांगतायत.

आणि पातळी वेगळी, वाढ वेगळी. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या शाळांचे गुण एकत्र जुळवले, त्यात शिकागोची पब्लिक शाळांची मुलं सरासरीच्या खाली असली तरी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांचं शिकत होती असं निघालं. शिकागो! ज्या गावाच्या शाळांचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. न्यू जर्सीतही वाढ मोजतात, एसजीपी म्हणतात, मुलाची तुलना राज्यातल्या त्याच्यासारखेच आधीचे गुण असणाऱ्यांशी करतात. अडचण एवढीच की ते आठवीपर्यंतच आहे, हायस्कूलला नाही. नेमकं तुम्हाला हवं तिथेच रिपोर्ट गप्प.

एडिसनकर

आकडेमोड साहेब, तुमचं गणित मान्य, शंभर टक्के मान्य. पण मूल शाळेत गटवार तक्त्यात बसत नाही, वर्गात बसतं. आजूबाजूची पोरं अभ्यास करतायत की नाही याचा परिणाम होतोच ना? माझा मुलगा घरी येऊन सांगतो अमक्याने कॅल्क बीसी (कॅल्क्युलसचा वरचा कोर्स) घेतलं, तमक्याचं रिसर्च चाललंय, मग आपोआप त्यालाही वाटतं आपणही करावं. हा माहोल विकत घेता येत नाही... म्हणजे घेता येतो, घराचा हप्ता भरून 😀 तेच तर सांगतोय. आणि सकाळी मेटल डिटेक्टरमधून जायचं चौदा वर्षांच्या मुलीने? मला नाही झेपणार, इतरांचं इतरांनी बघावं.

पाथवरची_प्रवासी

मेटल डिटेक्टरचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी अशाच एका शाळेतून पास झालेय, २०११ ला. बाबा न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर एका दुकानात कामाला होते, घर बदलायचा प्रश्नच नव्हता, एडिसन आम्हाला लग्नकार्यापुरतं माहीत.

तर मेटल डिटेक्टर. पहिले आठ दिवस छातीत धडधड, नंतर सवय. बॅग टेबलावर, किल्ल्या ट्रेमध्ये, सिक्युरिटीवाली बाई प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि जॅकेटची चेन लावली नाही म्हणून ओरडायची. मला भीती तिथे नाही वाटली कधी. मारामाऱ्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू, बहुतेक कॅफेटेरियात आणि बहुतेक त्याच त्याच पोरांच्या.

मला जे खटकायचं ते वेगळंच, आणि ते वर कुणी लिहिलं नाही. एका इमारतीत दोन शाळा असतात. एपी (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि ऑनर्सची (वरच्या पातळीचे वर्ग) मुलं वर, तीच तीच तोंडं प्रत्येक तासाला, देसी, फिलिपिनो, थोडी इजिप्शियन, थोडी लॅटिनो. आमच्या एपी कॅल्कमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं, म्हणजे जवळजवळ खाजगी शिकवणीच. सर जीव तोडून शिकवायचे. आणि खालच्या मजल्यावर तीसेक मुलांचा वर्ग, त्यांना नोव्हेंबरपर्यंत कायमचा मास्तर नाही, रोज नवीन बदली. रिपोर्टमधल्या सरासरीने मी वरच्या मजल्यावरही नव्हते आणि खालच्याही नव्हते, ती सरासरी कुणाचीच नव्हती.

माझ्याबरोबर बसमध्ये एक इजिप्तची मुलगी असायची. ती तिथे दहावी करून आलेली, पण मार्कशीट अरबीत, तिचं भाषांतर होईपर्यंत तिला अल्जेब्रा वनमध्ये बसवलेलं. एकदा माझ्या कॅल्कच्या होमवर्कमध्ये डोकावली आणि पेन घेऊन सरळ मार्जिनमध्ये सोडवायला लागली, पण तिचे आकडे अरबी पद्धतीचे, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, त्यामुळे उत्तर जुळेना आणि आम्ही दोघी भांडतोय. मग कळलं की तिचं बरोबर आहे. ती मुलगी त्या वर्षी शाळेच्या "पातळी गाठली नाही" मध्ये होती की नव्हती देव जाणे, पण तिला गणित माझ्यापेक्षा जास्त येत होतं एवढं नक्की.

तर ताई, जुई बहुतेक वरच्या मजल्यावर जाईल. तुम्ही विचारणाऱ्या, रिपोर्ट उघडणाऱ्या आई आहात, अशांची मुलं वरच जातात. ती ठीक राहील. कॉलेजच्या वेळी मात्र स्वतः हातपाय मारावे लागतील. काउन्सेलर चांगली असते पण तिच्याकडे इतकी मुलं की... अमेरिकेच्या काउन्सेलर संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे, आमच्याकडे तिच्या दाराबाहेरची रांग बघून तो आकडा विनोद वाटायचा. माझा फाफ्सा (कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) मी आणि बाबांनी लायब्ररीत बसून भरला.

एडिसनकर

@पाथवरची_प्रवासी, छान लिहिलंत, खरंच. पण मग यातून एक धूर्त निष्कर्ष निघतो की अशा शाळेत घातलं तर मुलगी सहज टॉपला, कॉलेजवाले क्लास रँक बघतात, स्पर्धा कमी. आमच्याकडे चारपैकी ३.९ ग्रेडवाला पण मधे कुठेतरी हरवतो.

पाथवरची_प्रवासी

हो, असं करणारे आहेत. माझ्या बघण्यात एक कुटुंब होतं, त्यांनी हिशोब करूनच पोराला घातलं. मला ते बघून कसंतरी होतं. खालच्या मजल्यावर मास्तर नाही म्हणून तुमचा रँक वर. चालतं म्हणा, बेकायदेशीर काही नाही.

गणितवाल्या_बाई

आले परत. एडिसनकरांच्या माहोलाच्या मुद्द्याला मी हसणार नाही, सोबतीचा परिणाम होतो. पण माहोल शाळेचा नसतो हो, वर्गाचा असतो, आणि त्यातही कुठल्या चार मैत्रिणींबरोबर जेवते त्याचा. नऊ रेटिंगच्या शाळेतही कोपऱ्यात बसून व्हेप ओढणारे असतात, फक्त त्यांच्या वडिलांकडे चांगला वकील असतो.

जो आकडा मी स्वतःच्या पोरासाठी सगळ्यात आधी बघेन तो म्हणजे गैरहजेरी. वर्षातल्या दहा टक्के किंवा जास्त दिवस न येणारी मुलं, म्हणजे १८० दिवसांत १८. करोनानंतर हा आकडा सगळीकडे फुगला, आता हळूहळू उतरतोय. ज्या शाळेत तो नववीत जास्त पण अकरावीत कमी दिसतो तिथे मी म्हणेन ठीक आहे, कुणीतरी मुलांच्या मागे लागलंय (अर्थात कंटाळून सोडून गेलेलीही त्यात वजा होतात, म्हणून शेजारी ड्रॉपआउट बघायचा). उलटं असेल, नववीत बरा आणि वरच्या वर्गांत वाढत जाणारा, तर तिथे मुलं काम करतायत किंवा घरच्या लहान भावंडांना सांभाळतायत. माझ्या पहिल्या तासाला एक मुलगा रोज वीस मिनिटं उशिरा येतो. आई पहाटे क्लीनिंगच्या शिफ्टला जाते, धाकट्याला प्री-केमध्ये (बालवाडीत) सोडायचं काम याचं. मी त्याला उशिराची स्लिप मागणं बंद केलंय, ऑफिसला आवडत नाही.

आणि प्री-के वरून एक गोष्ट, कारण लोकांना वाटतं शहरी शाळा म्हणजे नुसती रड. या राज्यात अ‍ॅबट विरुद्ध बर्क म्हणून खटला झाला, गरीब गावांतल्या मुलांना श्रीमंत उपनगरांइतका शाळेचा पैसा मिळायला हवा म्हणून. १९९० ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने मोठा निकाल दिला आणि १९९८ ला तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगली बालवाडी द्यायलाच हवी असा आदेश. जर्सी सिटी या खटल्यात धरलेल्या ३१ गावांत आहे. त्याआधी १९८९ ला राज्याने जर्सी सिटीच्या शाळा स्वतःच्या ताब्यात घेतल्या होत्या, देशात असं पहिल्यांदाच घडलं, आणि तो ताबा पूर्ण सुटायला तीस वर्षांहून जास्त गेली. मधे वॉटरफ्रंटला टॉवर उभे राहिले, गाव कागदावर श्रीमंत झालं, २०१८ पासून राज्याची मदत घटत गेली, मग गावाने कंपन्यांवर एक टक्का पेरोल टॅक्स लावला शाळांसाठी. टॉवरमधली बरीच मंडळी मूल हायस्कूलला आलं की उपनगरात जातात (एडिसनकर, रागावू नका), म्हणजे गाव श्रीमंत आणि हायस्कूल गरीब. रेटिंगच्या ३ मागे हेही आहे.

एडिसनकर

नाही रागावलो. खरं आहे ते.

जुईची_आई

बापरे, काल रात्री धागा वाचून पुन्हा रिपोर्ट उघडला, सकाळी डोळे चुरचुरत होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

गटवार तक्ता बघितला. एशियन रकान्यात इंग्लिशचे आकडे शाळेच्या सरासरीपेक्षा बरेच वर आहेत. काही रकान्यांत नुसती चांदणी आहे, आकडाच नाही, म्हणजे मुलं फार कमी असणार. गैरहजेरी नववीत वाईट, पुढे कमी होतेय, ड्रॉपआउट फार नाही. एपीचे विषय बरेच दिसतात यादीत.

नवऱ्याला पाथवरची_प्रवासींचं वाचून दाखवलं. खालच्या मजल्याचं ऐकून तो जरा गप्प झाला, मग म्हणाला आमच्या झेडपीतही हुशार पोरं पुढच्या बाकावर होती आणि बाकीच्यांना गुरुजी विहिरीचं पाणी आणायला पाठवायचे. पाणी आणणाऱ्यांत तो स्वतः होता का ते मी विचारलं नाही.

आता प्रश्न: पुढच्या महिन्यात शाळेत ओपन हाउस आहे. तिथे नक्की काय विचारू? मला तिथे गेले की सगळं छान छानच दाखवतील, रोबोटिक्सची खोली वगैरे.

आकडेमोड

एपीचे विषय यादीत आहेत म्हणजे वर्ग भरतो असं नाही. रिपोर्टमध्येच विषयाखाली किती मुलं बसली ते दिलेलं असतं, तिथे शून्य किंवा दोन दिसले तर तो कोर्स कागदावरच आहे समजा. आणि किती जणांनी कोर्स घेतला आणि किती जणांनी मे महिन्यातली परीक्षा दिली, हे वेगळे आकडे आहेत, दोन्ही बघा.

गणितवाल्या_बाई

रोबोटिक्सची खोली बघून घ्या, पोरं मेहनत करतात त्यावर. पण मुख्याध्यापकांना विचारायचं ते हे: या वर्षी गणित आणि सायन्सच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या वर्गांवर कोण उभं आहे. हा प्रश्न विचारला की जे उत्तर सरळ देतात त्यांची शाळा मला बरी वाटते, उत्तर काही का असेना. मग विचारा की कॅल्कपर्यंत जाणारा रस्ता दरवर्षी चालू असतो का, की मुलं कमी पडली तर वर्ग रद्द होतो. रद्द होत असेल तर हडसन काउंटी कम्युनिटी कॉलेज तुमच्या जर्नल स्क्वेअरलाच आहे, तिथे हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे कोर्स घेता येतात, शाळा त्याचे पैसे भरते का आणि तासाला सोडते का ते विचारा. काउन्सेलर आडनावाच्या अक्षरावरून ठरते बहुतेक ठिकाणी, जुईची कोण ते काढून त्याच दिवशी तिला भेटून या, नाव लक्षात राहतं.

शक्य झालं तर ओपन हाउस सोडून एखाद्या साध्या दिवशी शाळा सुटताना बाहेर उभ्या राहा. मुलं कशी बाहेर पडतात, कोण कोणाशी बोलतं, गार्ड कसे बोलतात. मुलीलाही न्या, चार वर्षं तिला काढायचीयेत.

आणि मी इतका वेळ विचारायचं विसरतेय, जुईचं आठवीत अल्जेब्रा वन चालू आहे का?

जुईची_आई

हो, अल्जेब्रा वनच आहे. सर चांगले आहेत, आत्तापर्यंत ए आहे.

गणितवाल्या_बाई

मग पहिलं काम ते करा. जूनच्या आत तिची नववीची नोंदणी जॉमेट्री ऑनर्समध्ये झाली आहे असं लेखी घ्या, ईमेलवर चालेल, फोनवर नको. मिडल स्कूलकडून कागद पुढे सरकत नाहीत आणि सप्टेंबरमध्ये मूल पुन्हा अल्जेब्रा वनमध्ये बसलेलं दिसतं. माझ्याकडे दर वर्षी असं कोणीतरी येतंच, आणि ऑक्टोबरपर्यंत वेळापत्रक बदलता बदलता ऑनर्सचा वर्ग भरलेला असतो. मॅकनेअरचं उत्तर येवो न येवो, हे करून ठेवा.